चेक लाइट, ऑइल गळती आणि आयडलिंगला थरथर, तिन्ही एकदम आलंय, सुरुवात कुठून करू?

फैजपूरकर_८६

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण सगळं वाचून मगच सांगा, कारण दोन गॅरेज झालेत आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात.

गाडी पेट्रोल, १२०० सीसी, चार सिलिंडर, २०१७ चं मॉडेल, ८६ हजार किमी झालेत, गॅस किट वगैरे काही नाही. आईचं आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस असतं, फैजपूरहून जायचं आणि संध्याकाळी परत, म्हणून गाडी बंद पडून चालणारच नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आईला घेऊन भर रस्त्यात उभं राहायची वेळ आली तर काय करायचं, मला रात्री झोप येत नाही त्या विचाराने.

त्रास असा की सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, पाच-दहा मिनिटं ठीक, एकदा गरम झाली की सिग्नलला उभी असताना थरथरते. आकाशवाणी चौकात तर एसी चालू असला की स्टिअरिंग हातात नाचतं आणि आरशात मागची गाडी दोन-दोन दिसते. रेस दिली की बऱ्यापैकी सुरळीत होते पण पुलावर चढताना मिसिंग मारते, आणि त्या वेळी पिवळा चेक लाइट नुसता लागत नाही तर लुकलुकतो, मग थोड्या वेळाने स्थिर होतो.

दुसरं म्हणजे ऑइल. अंगणातल्या फरशीवर सकाळी बट्टीएवढा डाग पडलेला असतो, आणि गाडी लांबून येऊन थांबली की बॉनेटमधून जळका वास येतो. दीड हजार किमीत ऑइलची पट्टी वरच्या खुणेवरून पार खालच्या खुणेला आली.

स्कॅनर लावला तर दोन कोड आले, पी ०३०२ आणि पी ०१७१. पहिल्या गॅरेजवाल्याने ०१७१ बघून ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार गेले, तिसऱ्या दिवशी लाइट परत. दुसरा म्हणाला ऑइल खातेय आणि मिसिंग आहे म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलायच्या, ३५ ते ४० हजार. एवढे पैसे आत्ता खरंच नाहीत, पण लागणारच असतील तर कुठून तरी उभे करीन. फक्त आधी नक्की कळू द्या की लागतात का.

गिरणाकाठ

भाऊ आधी एक, लाइट लुकलुकत असेल तेव्हा गाडी दामटू नका. स्थिर लाइट म्हणजे सवडीने बघा, लुकलुकणारा म्हणजे आत्ता जोरात मिसफायर चाललाय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी तापून वितळते आणि मग तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट. आणि तुमच्याकडे केळीचा पट्टा, अशी तापलेली गाडी वाळलेल्या पानांच्या पाचोळ्यावर उभी करू नका, खालून पेट घेऊ शकते, हे मनापासून सांगतोय.

कोडचं म्हणाल तर ०३०२ म्हणजे दोन नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर, इतकंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, वायर, यातलं काय ते कोड सांगत नाही. आणि ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतंय. वाटतंय हा शब्द महत्त्वाचा. सेन्सर खराब आहे असं त्या कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, सेन्सरच्या बिघाडाचे कोड वेगळे असतात.

बिनपैशाची एक टेस्ट करा. दोन नंबरचं कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा भाग, काढून तीन नंबरवर लावा, तीनचं दोनवर, कोड पुसा आणि गाडी चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइल चोर. ०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा.

तापीकाठ

मला तर वाटतं हे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे होतंय. आमच्या गल्लीत तीन जणांच्या गाड्या तेव्हापासून आयडलिंगला नाटक करतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे मिश्रण पातळच दिसणार ना, आणि २०१७ ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही, रबरी पाईप, सील सगळं कडक होतं. टाकीत अॅडिटिव्हची बाटली टाकून बघा एकदा.

टॅपेट_पाना

फैजपूरकर भो, तुझा धागा दोनदा वाचला. तीस वर्षं अजिंठा चौफुलीकडे गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो. तुला तीन रोग नाहीत, बहुतेक एकच आहे, आणि तो ऑइलपासून सुरू होतो. कोड शेवटी बघायचे, आधी बॉनेट उघडून नाकाने आणि हाताने बघायचं.

आता हे कर. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, दोन नंबरच्या कॉइलचा बोल्ट काढ (बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो), लॉक दाबून कपलर सोडव आणि कॉइल सरळ वर ओढ. मग मोबाइलचा टॉर्च लावून त्या प्लगच्या विहिरीत बघ. माझा अंदाज आहे की तळाला ऑइल साचलेलं दिसेल. हेड कव्हरला, ज्याला आपण टॅपेट कव्हर म्हणतो त्याला, बाहेरून पॅकिंग असतंच पण बऱ्याच इंजिनांत प्रत्येक प्लगच्या विहिरीभोवतीही एकेक गोल सील असतं. ते कडक झालं की ऑइल विहिरीत उतरतं, कॉइलच्या खालच्या रबरी टोपीला लागतं, ती टोपी फुगते, मऊ पडते, मग ठिणगी प्लगच्या टोकावर पडायच्या ऐवजी टोपीतून आडवी हेडच्या धातूला जाते. ती आली तुझी मिसिंग. आणि तेच पॅकिंग मागच्या बाजूने गळत असेल तर ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं, तो आला तुझा जळका वास, आणि उरलेलं खाली येऊन फरशीवर.

०१७१ चं पण ऐक, कारण तिथेच तुझे साडेचार हजार गेले. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही त्यातली हवा न वापरता तशीच सायलेन्सरकडे जाते. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. त्याला दिसला भरपूर ऑक्सिजन, त्याने खरं तेच सांगितलं. ईसीयूने समजून घेतलं की पेट्रोल कमी पडतंय आणि चारही सिलिंडरला पेट्रोल वाढवत नेलं, वाढवता वाढवता मर्यादा संपली की ०१७१ टाकला. खरं खोटं पडताळायचं असेल तर प्लग काढल्यावर बघ, एक, तीन, चार काजळी धरलेले काळे निघतील आणि दोन नंबर पेट्रोलने ओला.

तापीकाठ भाऊ, तुमचं म्हणणं टाकाऊ नाही. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते हे खरं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही हेही मी पाहिलंय. पण पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच टाकीतून जातं. ई२० ने त्रास असता तर एकटं दोन नंबर कशाला रुसलं असतं? बाटली टाकून फरशीवरचा डाग जाणार नाही.

हाफ इंजिनचं म्हणाल तर कॉम्प्रेशन न मोजता रिंगा गेल्या म्हणणाऱ्याला गाडी देऊ नको. गेज लावायचं, चारही प्लग काढून, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघ, १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर रिंगांना हात लावू नको. एखादा खूप कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. आणि रिंगने ऑइल खाणारी गाडी मागे निळा धूर सोडते. तुझी सोडते का?

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पॅकिंग का गेलं? वय आहेच, जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ च्या वर जातो आणि बॉनेटखाली रबराचं काय होत असेल, मी असं पॅकिंग काढलंय की वाकवलं तर बांगडीसारखं कट करून तुटलं. पण दुसरं कारण पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटात जी वाफ साचते ती हा व्हॉल्व्ह इनटेककडे ओढून देतो. तो चिखलाने बसला की वाफ कोंडते आणि जिथे कच्ची जागा मिळेल तिथून ऑइल ढकलते. मग नवं पॅकिंग टाकलं तरी सहा महिन्यांत परत ओलं. गाडी आयडलिंगला ठेव, ऑइलचं झाकण काढ, तोंडावर पातळ पॉलिथीन ठेव. हलकीशी आत ओढली गेली तर बरं. फुगून उडाली तर कोंडलंय.

अमळनेरची_सारथी

काकांनी सांगितलं ते पटलंच पण माझा अनुभव जोडते कारण माझ्याही गाडीला अगदी हेच दोन कोड होते आणि कारण वेगळंच निघालं. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस घरातच ठेवतात, भाव येईपर्यंत, गाडी त्या खोलीला लागूनच. कापसात उंदीर झाले आणि त्यांनी बॉनेटमध्ये संसार थाटला. दोन नंबर इंजेक्टरची वायर आतून कुरतडलेली, वरचं काळं आवरण तसंच शाबूत, त्यामुळे दिसायचंच नाही. वायर जरा हलवली की मिसिंग यायची जायची. तेव्हा ऑइल पुसून झालं की वायरिंगवरून एकदा हात फिरवा भाऊ, कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या कपलरपाशी नक्की.

आणि ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर घेऊन ठेवा, आपल्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात बसतो, मोबाइलवर दिसतं. नुसता कोड नाही, कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, पाणी किती गरम, ते पण साठवलेलं असतं. गॅरेजमध्ये कोड पुसून देतात तेव्हा ते पण पुसलं जातं, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा.

फैजपूरकर_८६

काका, रविवारी पहाटे साडेपाचला उठून केलं, ऊन व्हायच्या आत. काय सांगू.

दोन नंबरचं कॉइल ओढलं तर सुरुवातीला येईना, मग फुस्स करून आलं आणि टोपीच्या खालच्या दोन बोटांवर ऑइल चोपडलेलं. पुसून बघितलं तर रबर एका बाजूला फुगलेलं आणि त्यावर उभी पांढरट रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी, खाली टोकापासून वरपर्यंत. विहिरीत टॉर्च मारला तर प्लगचा षटकोनी भाग ऑइलमध्ये बुडालेला, नुसता पांढरा चिनीमातीचा भाग वर दिसत होता. एक नंबरमध्ये थोडा ओलावा, तीन आणि चार कोरडे.

गिरणाकाठ भाऊ, तुमची टेस्ट पण केली. दोनचं कॉइल पुसून तीनवर लावलं, कोड पुसला, सावद्यापर्यंत जाऊन आलो, कोड आला ०३०३. म्हणजे कॉइल नक्की. निळा धूर कधीच दिसला नाही, मागे भाऊ उभा करून रेस देऊन बघितलं. सारथी ताई, वायरिंग बघितलं, शाबूत आहे, पण बॅटरीखाली शेंगांची टरफलं निघाली, त्यामुळे जाळी लावून घेतोय.

पॉलिथीन फुगून बाजूला पडली. पीसीव्ही काढून हलवला तर खुळखुळ अजिबात वाजत नाही, आत काळा डांबरासारखा गाळ.

आता प्रश्न दोन. दुकानदार नुसतं पॅकिंग देतोय, विहिरीची सीलं वेगळी मिळत नाहीत म्हणतो, चालेल का? आणि इथला मिस्त्री म्हणतो सगळीकडे शेलॅक (पॅकिंगला लावायचं चिकट लुकण) लावून बसवू म्हणजे परत गळायचं नाव नको.

टॅपेट_पाना

नाही चालणार आणि नाही लावायचं. सीलं नाही बदलली तर विहिरीत ऑइल परत येणारच, तुझा मूळ रोग तोच. काही इंजिनांत सीलं पॅकिंगच्या सेटमध्ये येतात, काहींत वेगळी, आणि काहींत कव्हरमध्येच पक्की बसवलेली असतात, मग अख्खं कव्हर घ्यावं लागतं. चासिस नंबर देऊन विचार, गाडीचं नाव सांगून नको.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त तिथे, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढं. सगळीकडे फासलं की आतल्या बाजूचे लोळे सुटतात आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या, जाळीत जाऊन बसतात, मग ऑइल वर चढत नाही आणि तेव्हा खरंच इंजिन करायची पाळी येते. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, दोन फेऱ्यांत. ताकद लावायची नाही, छोट्या गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, मॅन्युअलमधला आकडा बघ. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि दुसरीकडून गळतं.

आणि घाई करून प्लग आधी खोलू नको! विहिरीत ऑइल असताना प्लग काढला तर सगळं ऑइल सिलिंडरमध्ये. आधी इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी लावून ऑइल ओढून घे, मग पेचकसाला सुती चिंधी गुंडाळून कोरडं कर, मगच पाना लाव. नवे प्लग बसवताना प्लगच्या डोक्याला रबरी पाईपचा तुकडा लाव आणि बोटांनीच फिरव, आटे चुकत असतील तर पाईप हातात घसरेल पण हेडचे आटे वाचतील. अॅल्युमिनियम आहे, एकदा गेले की गेले. दोन नंबरचं कॉइल नवं टाक, फुगलेल्या टोपीवर भरवसा नको, एकचं पुसून चालेल.

झालं की इंजिन बाहेरून डिझेलने धुऊन कोरडं कर, बेल्टला आणि कपलरला डिझेल लागू देऊ नको, आणि जिथे जिथे शंका असेल तिथे टाल्कम पावडर मार. १५-२० किमी चालव आणि बघ. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून ओलं दिसणाऱ्या जागांपैकी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा धरायची.

फैजपूरकर_८६

तीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो.

चासिस नंबर दिल्यावर भुसावळला सीलांसकट सेट मिळाला. पॅकिंग, सीलं, पीसीव्ही, चार प्लग आणि एक कॉइल, सगळं मिळून सहा हजारांच्या आत, मजुरी धरून. प्लग अगदी काकांनी लिहिले तसे निघाले, तीन काळे आणि दोन नंबर ओला, नाकाला लावला तर पेट्रोलचा भपकारा. कॉम्प्रेशन मोजून घेतलं, चौघांत फरक फार तर ५ टक्के.

स्कॅनर घेतला ताई. काम करायच्या आधी लाँग टर्म फ्युएल ट्रिम १९ दाखवत होता, म्हणजे ईसीयू १९ टक्के पेट्रोल जास्त ओतत होता. आता चारच्या आसपास असतो. आयडलिंगला ७५० आरपीएमवर काटा हलत नाही, एसी चालू केला तरी.

पावडरने मात्र एक नवीन गोष्ट दाखवली. कव्हरची कड सगळी पांढरी राहिली, पण ऑइल प्रेशरच्या स्विचखाली दुसऱ्या दिवशी मुंगीच्या वाटेएवढी काळी रेघ उमटली. तो स्विच बदलला, दोन-अडीचशेचा आला, रेघ थांबली. फरशी कोरडी आहे. चाळीसगावच्या पुढे कन्नड घाट चढून आलो परवा, लग्नाला, चार माणसं आणि सामान, लाइट नाही, वास नाही. आईच्या सहा फेऱ्या झाल्या जळगावच्या. ती मागच्या सीटवर परत येताना झोपते आता, आधी थरथरीने झोपायची नाही.

काका, भाऊ, ताई, तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात.

टॅपेट_पाना

पाय नको रे भो, आईची काळजी घे, बठ्ठं ठीक शे आते. ऑइलची पट्टी पुढचे दोन महिने दर रविवारी बघ, गाडी सपाटीवर आणि सकाळी चालू करायच्या आधी. आणि इतके दिवस पेट्रोल जास्त जाऊन ऑइलमध्ये उतरलं असणार, तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलायची तारीख आली नसली तरी बदलून टाक.

पारोळा_रोड

काका माझी पण गाडी आयडलिंगला थरथरते आणि ऑइल गळतं, पण कॉइलच सापडेना, गाडी डिझेल आहे, काय करू?

टॅपेट_पाना

डिझेलला ठिणगीचा प्लग आणि कॉइल नसतंच भाऊ, तिथे इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजिन माउंटिंगपासून सुरुवात. वेगळा धागा काढ, किलोमीटर, मॉडेल आणि धुराचा रंग लिही, बसून बघू.